मांजर आणि फिनाइल

प्रश्न : घरात बोका आहे. फरशी फिनाइलने पुसली तर चालेल का? तो कोपऱ्यात शू करतो, तो वासही जात नाही.

उत्तर : फिनाइल नकोच. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून आलेले पंजे ते चाटणारच. अर्धी बादली कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड पुरे. नंतर साध्या पाण्याचा एक हात फिरवा.

शू आधी कागदाने टिपा. घासलीत तर पसरते. मग व्हिनेगर आणि पाणी समसमान, दहा मिनिटं. शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर मात्र व्हिनेगर नको, दगड खातं.

बोका वारंवार बसतोय आणि शू थेंबभरच होतेय? मग प्रश्न फरशीचा नाही. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.