गोचिडाच्या चाचणीत वेळ नेमका कुठे जातो

प्रिय,

गोचिडात आजाराचे जिवाणू आहेत का, हे रानातच तपासणाऱ्या चाचणीचा तुझा आराखडा वाचला. बरीचशी पानं प्रायमरवर (लक्ष्य जनुकाला पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांवर) खर्ची पडली आहेत आणि गोचीड फोडायचा कसा, याला जेमतेम दोन ओळी. हे प्रमाण उलटं कर. लॅम्प अभिक्रिया, म्हणजे एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती वाढवणारी पद्धत, ६५ अंशांवर अर्ध्यापाऊण तासात होते, तिची फार काळजी नको. रानात चाचणी अडते ती त्याआधी, दीड मिलिमीटरच्या निम्फच्या, म्हणजे अपूर्ण वाढीच्या गोचिडाच्या, कवचापाशी.

कवच कायटिनचं असतं. अख्खा गोचीड उकळला तर आतले जिवाणू बरेचसे आतच राहतात आणि चाचणी खुशाल 'नाही' म्हणते. नमुना ७० टक्के इथेनॉलमधून काढला की पाण्यात धुऊन टिपकागदावर पूर्ण कोरडा कर, कारण उरलेलं इथेनॉल प्रती बनवणाऱ्या पॉलिमरेज विकराला अडवतं. मग नळीतच प्लास्टिकच्या मुसळीने चिरड. कोरडा निम्फ मुसळीखालून निसटून नळीच्या भिंतीला चिकटतो, म्हणून थेंबभर द्रावण आधी घाल. पाय सुटे झाले म्हणजे काम झालं असं नाही. बोरेलिया, म्हणजे लाइम आजाराचा जिवाणू, मधल्या आतड्यात बसलेला असतो. पोट फुटून द्रावण गढूळ दिसेपर्यंत मुसळ फिरव.

त्यानंतर डीएनए सुटायला २५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ९५ अंश, १० मिनिटं. थंड झालं की ते शमवायला तेवढंच ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल. स्वस्त आणि पुरेसं. पण आकारमान जपून ठरव. तू ५० अधिक ५० असे १०० मायक्रोलिटर धरलेस आणि त्यातले २ अभिक्रियेत घातलेस. गोचिडात लक्ष्य जनुकाच्या १०० प्रती असतील तर नळीत सरासरी २ येतात, आणि सरासरी २ असताना शंभरातल्या चौदाएक नळ्यांत एकही प्रत पडत नाही. प्रायमर कितीही उत्तम असोत, रिकाम्या नळीत ते काय शोधणार? २० अधिक २० कर आणि ४ मायक्रोलिटर घाल. सरासरी १० प्रती मिळतील.

इथे दुसरी मेख आहे. निकाल दाखवणाऱ्या फिनॉल रेड या सूचकाचा रंग गुलाबीचा पिवळा होतो तो अभिक्रियेत तयार होणाऱ्या आम्लामुळे, आणि तुझ्या नमुन्यासोबत येणारं ट्रिस नेमकं तेच आम्ल गिळतं. जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात, रंग मात्र नारिंगीवर अडकतो. नारिंगी नळी पाहून दोन माणसं दोन निकाल लिहितात. माझं मत विचारशील तर रंगाचा मोह सोड, बंद नळीतच चमकणारा रंजक वापर. रक्त पिऊन फुगलेल्या गोचिडात रक्तातलं हीमही अडथळा आणतं. तिथे मूळ अर्क आणि त्याचं दहापट विरलन, दोन्ही चालव.

नळी उघडायची नाही, हा नियम कडक ठेव. लॅम्पमध्ये इतकं डीएनए तयार होतं की एकदा झाकण उघडलं तर पुढचे कित्येक दिवस कोरे नमुनेही 'आहे' म्हणतील. कागदी चाचणीपट्टीवर निकाल वाचायचा तर नळी उघडावी लागते, म्हणून पट्टी दिसायला सुटसुटीत असली तरी रानासाठी मला ती पटत नाही. शिवाय फार वेळ तापवलं की प्रायमर एकमेकांनाच धरून वाढतात. निकालाची वेळ आधीच ठरव, समजा ४० मिनिटं, आणि त्यानंतर चमकलेली नळी मोजू नकोस.

लक्ष्य निवडताना सहजीवी जिवाणूंना विसरू नकोस. अनेक गोचिडांत निरुपद्रवी रिकेट्सिया जिवाणू मुळातच असतात. क्यू ज्वराच्या कॉक्सिएला बर्नेटी या जिवाणूसाठी वापरला जाणारा आयएस११११ हा डीएनएचा तुकडा अनेक प्रतींत असल्यामुळे मोहक वाटतो, पण तो कॉक्सिएलासदृश सहजीवींतही सापडतो. नुसत्या त्याच्यावर 'क्यू ज्वर' लिहिणं धोक्याचं.

प्रत्येक गोचिडासाठी दुसरी नळी त्याच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियातल्या १६एस जनुकाची लाव, म्हणजे डीएनए खरंच सुटलं का ते कळेल. तीही गप्प राहिली तर निकाल 'नाही' नव्हे, 'नमुना बाद' असा लिही. गोचिडाऐवजी नुसतं द्रावण घेऊन एक रिकामा नमुनाही चिरडण्यापासून सगळ्या पायऱ्यांतून ने. त्याची नळी सर्वांत शेवटी भर. आणि तापमान यंत्राच्या पडद्यावर वाचू नकोस, बारीक तापमापी नळीतल्या द्रवात बुडवून बघ. वाऱ्यात नळ्या तापवायच्या उघड्या ठोकळ्यावर दोन्ही आकडे जुळतीलच असं नाही.

निकालाच्या कागदावर एवढं जरूर छाप: गोचिडात जिवाणू सापडला म्हणजे चावलेल्या माणसाला आजार झाला असं नाही. लाइमचा बोरेलिया अंगात उतरायला गोचीड बहुधा दिवसभराहून अधिक काळ चिकटून राहावा लागतो.

आता पहिलं काम. जिवाणू नसलेले गोचीड चिरडून त्यांचा अर्क कर, त्यात लक्ष्य डीएनएच्या मोजलेल्या प्रती घाल आणि प्रत्येक पातळीला २० नळ्या चालव. २० पैकी १९ नळ्या किती कमी प्रतींपर्यंत 'आहे' म्हणतात ते पाहा. शुद्ध पाण्यात काढलेला आकडा मला पाठवू नकोस, अर्कातला पाठव.

तुझा,
मार्गदर्शक