टेनेसी विल्यम्सच्या नाट्यमहोत्सवात इतर नाटककारांची नाटके का असतात?

मॅसॅच्युसेट्समधील प्रॉव्हिन्सटाउन या समुद्रकाठच्या गावी 2006 पासून सप्टेंबरात भरणारा हा महोत्सव केवळ विल्यम्स या अमेरिकन नाटककाराच्या गाजलेल्या नाटकांची उजळणी करण्यासाठी नाही. विल्यम्स ज्यांच्याकडून शिकला किंवा ज्यांच्याशी त्याचे नाते जुळते, अशा नाटककारांना त्याच्या शेजारी उभे करून पाहणे हे महोत्सवाचे खरे वैशिष्ट्य आहे. म्हणूनच 2017 मध्ये शेक्सपिअर आणि 2019 मध्ये जपानी लेखक युकिओ मिशिमा त्याच्या जोडीला होते. 2016 मधली यूजीन ओ'नीलची निवड मला सर्वांत समर्पक वाटते, कारण ओ'नीलचे 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' 1916 मध्ये याच गावातील धक्क्यावर प्रथम रंगमंचावर आले होते.

विल्यम्सने 1940 च्या दशकातील काही उन्हाळे येथेच लेखनात घालवले. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर'मधील (तेंडुलकरांनी मराठीत आणलेले 'वासनाचक्र' ते हेच) स्टॅन्लीच्या भूमिकेसाठी तरुण अभिनेता मार्लन ब्रँडो 1947 मध्ये त्याला भेटायला आला, तेव्हा ब्रँडोने आधी घरातले बिघडलेले दिवे आणि तुंबलेले नळकाम दुरुस्त केले, मग संवाद वाचून दाखवले, असे विल्यम्सने आठवणींत लिहिले आहे. महोत्सवातील प्रयोगही नाट्यगृहापुरते मर्यादित नसून काही थेट समुद्रकिनाऱ्यावर होतात.