दौलताबाद सोडलं तर मराठवाड्यात बघण्यासारखे किल्ले आहेत का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून लातूरला बदली झालीय, सह्याद्रीतले बरेच गड पालथे घातलेत, आणि आता दौलताबाद सोडून इकडे शनिवार-रविवारी चढण्यासारखं काही आहे का.

चढण्यासारखं फारसं नाही. बघण्यासारखं इतकं आहे की दोन दिवस पुरायचे नाहीत.

माझं आजोळ तुळजापूर तालुक्यातलं. पौषात नळदुर्गजवळ मैलारपूरच्या खंडोबाची यात्रा असते. दर्शन झालं की आजीचा हात सोडून किल्ल्यात पळायचं, हे वेड तेव्हा लागलं ते आजही तसंच आहे. पडकी गढी दिसू दे, नाहीतर बारवेच्या पायऱ्या, मी गाडी थांबवायला लावते. तिथे कोण राहिलं असेल, संध्याकाळी दिवा कुठे लागत असेल, हे मनात आल्याशिवाय पाय निघत नाही.

सासर मात्र साताऱ्याकडचं. धाकटे दीर सुट्टी मिळाली की कुठल्यातरी गडावर. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच पालुपद: "वहिनी, ज्याच्या दारात गाडी लागते तो किल्ला कसला?" शेवटी एका श्रावणात बोरीला पाणी आल्याचा मामाचा फोन आला आणि मी सगळ्यांना गाडीत घालून नळदुर्गला नेलं.

मुख्य किल्ला एका बाजूला, छोटा रणमंडळ दुसऱ्या बाजूला आणि मधून बोरी नदी. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, नदीवर दगडी बंधारा बांधून दोन्ही किल्ले जोडले. पाणी वाढलं की ते बंधाऱ्यावरच्या दोन सांडव्यांतून खाली कोसळतं. त्यांना नर आणि मादी म्हणतात. खरी करामत बंधाऱ्याच्या पोटात आहे, तो पाणीमहाल. अरुंद जिना उतरताना पायाखालचा दगड गार लागतो, भिंतीवर तळवा टेकवला की वरून जाणाऱ्या पाण्याची थरथर हाताला कळते. मग एकदम सज्जा येतो आणि समोर पाण्याचा पडदा. नदी आपल्या डोक्यावरून जात असते, बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. सासूबाई तिथे हात जोडून उभ्या राहिल्या. पोरं शिंतोड्यांनी भिजली, पण छतातून गळणारा थेंब मी अजून पाहिलेला नाही.

भावजी बाहेर आले आणि म्हणाले, "झकास आहे वहिनी, पण हे धरण झालं. किल्ला कुठाय?"

त्या गोंगाटात नीट बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते. सह्याद्रीत कडा आयता मिळतो. माथ्यावर तट घातला, दरवाजा नीट लपवला की निम्मं काम डोंगरच करतो. सपाटीवर आडोसा म्हणून काही नसतं. खंदक खणायचा, त्यात पाणी आणायचं, दुहेरी तटबंदी उभी करायची, वाट अशी वळवायची की हत्तीला दरवाज्यावर धाव घेता येऊ नये. सगळं माणसाच्या डोक्यातून आणि हातातून. नळदुर्गात तर नदीलाच पहाऱ्यावर बसवलंय. आणि तुम्ही सगळे ज्याला मानता त्या देवगिरीचा कडासुद्धा माणसांनी तासून उभा केलाय, तो असा आयता मिळालेला नाही. दमछाक किती झाली यावर किल्ल्याची थोरवी ठरवणारे लोक मला पटत नाहीत.

महत्त्वाचं म्हणाल तर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरल्या, तेव्हा पहिली झुंज नळदुर्गलाच झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती आला. चार दिवसांनी हैदराबादने शरणागती पत्करली. मराठवाड्याच्या पोराला हे शाळेत असतानाच माहीत असतं, घाटावर सांगावं लागतं.

तर तुमच्यासाठी. औसा लातूरपासून जेमतेम २० किलोमीटर, एखादी सकाळ पुरते. दुपारी उदगीर. तिथे खंदकाच्या काठावर थोडं थांबा. ३ फेब्रुवारी १७६० ला सदाशिवरावभाऊंनी याच भागात निजामाला हरवलं आणि दौलताबादचा किल्लासुद्धा तहात मिळवला. वर्षभराच्या आत पानिपत झालं. किल्ल्यात उदागीर बाबांची समाधी आहे, गाव आजही त्यांना मानतं. दुसरा अख्खा दिवस नळदुर्गला द्या. पाणीमहाल पाहून परत फिरू नका, उपळ्या बुरुजावर चढा. वर तोफा आहेत आणि सगळा किल्ला एका नजरेत येतो. चढायची हौस तिथे थोडी भागेल.

हो, एक राहिलं. नर-मादी दरवर्षी वाहतातच असं नाही, बोरीला भरपूर पाणी आलं तरच. निघण्याआधी गावातल्या कुणालातरी विचारून घ्या. पाणी वाहत असेल तर रविवारी जाऊ नका, मुंगीला शिरायला जागा नसते. एप्रिल-मेचं ऊन टाळा, काळा दगड भाजून काढतो. औशाला आत झुडपं माजलेली असतात, चपला घालून जाऊ नका.

परंडा या दोन दिवसांत कोंबायला बघू नका. विजापूरची मुलुखमैदान तोफ १६३२ मध्ये इथूनच नेली, आणि राहिलेल्या तोफा बघायलाही बराच वेळ लागतो. तो बार्शीच्या बाजूला पडतो, त्याच्यासाठी वेगळी सुट्टी काढा.