साल नाही, पण किंमत आहे ना!

प्रश्न : ताई, जुनी पुस्तकं जमवायचा नाद मला नव्यानेच लागलाय. पण आमच्याकडे मुंबई-पुण्यासारखे फूटपाथवरचे पुस्तकवाले नाहीत, मग शोधू कुठे? आणि मिळालेल्या दोन पुस्तकांची आतली पहिली पानंच गायब आहेत, ती कधीची ते कसं ओळखायचं? — एक वाचक, राजापूर

उत्तर : अहो फूटपाथ नसला म्हणून काय झालं, कोकणात खरा माल घरांच्या माळ्यावर असतो! रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं आहे, इतकी जुनी आपल्याकडची वाचनाची सवय. मे महिन्यात चाकरमानी येतात, आगोटीच्या गडबडीत माळे रिकामे होतात आणि आजोबांच्या ट्रंकेतलं सगळं किलोच्या भावाने रद्दीवाल्याकडे जातं. तेव्हा त्या दिवसांत दुकानात सारखी चक्कर मारा, आणि त्याला आधीच सांगून ठेवा की बाइंडिंगचं काही आलं तर बाजूला काढ, भावापेक्षा जास्त देईन. जुने दिवाळी अंकही सोडू नका, लोक त्यांना पुस्तकात धरत नाहीत म्हणून स्वस्तात मिळतात. फक्त वाचनालयाचा शिक्का असेल आणि बाद केल्याची नोंद नसेल तर आधी त्या वाचनालयात विचारा.

आता साल. मला तर हे शोधण्यातच सगळ्यात जास्त मजा येते! कव्हर शाबूत असेल तर किंमत बघा. रुपये-आणे असेल तर पुस्तक बहुतेक १९५७ च्या आधीचं, कारण त्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. ‘नवे पैसे’ लिहिलं असेल तर १९५७ ते ६४ च्या आसपासचं, कारण १९६४ च्या जूनमध्ये त्यातलं ‘नवे’ गेलं. प्रस्तावनेखाली शके सापडला तर त्यात ७८ मिळवा, म्हणजे शके १८६० म्हणजे १९३८ (पौषाच्या पुढचा महिना असेल तर ७९). पानावर कुणी भेट म्हणून नाव-तारीख घातली असेल तर पुस्तक त्याच्या आधीचं, हे तर नक्कीच, आणि असं अक्षर मी कधीच खोडत नाही.

एक मात्र पाळा, आणलेलं पुस्तक लगेच कपाटात नको. आपल्या दमट हवेत एका पुस्तकातली कसर सगळ्या फळीभर पसरते. आधी पानं उघडून सावलीत वाळवा, कडक उन्हात नको, कागद ठिसूळ होतो. बुरशी असेल तर अंगणात, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशने झाडा. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप अजिबात लावू नका, थोड्या वर्षांत त्याचा पिवळा डाग कायमचा बसतो.