वाचकांचे प्रश्न : दांड्यांच्या पाठीची जुनी खुर्ची घेताना

प्रश्न : नव्या घरासाठी आम्ही दोन जुन्या खुर्च्या पाहून ठेवल्या आहेत. दोन्हींना हात आहेत आणि पाठ उभ्या, कातीव दांड्यांची आहे. विक्रेत्याच्या म्हणण्याप्रमाणे त्या इंग्लंडमधल्या असून दोनशे वर्षांपूर्वीच्या आहेत. कागदपत्र काहीच नाही, पण लाकूड मात्र सुरेख काळवंडलेले आहे. विश्वास ठेवावा का?

उत्तर : काळवंडलेल्या रंगावर तर मुळीच ठेवू नका, कारण तो रंग एका दुपारी चढवता येतो. समोरून खुर्ची पाहून मन जडले की मग डोळे नीट पाहत नाहीत, हा माझा अनुभव आहे. म्हणून विक्रेत्याची परवानगी घेऊन खुर्ची आधी उलटी करा आणि पाठ सर्वांत शेवटी पाहा.

उलटी केल्यावर पहिली गोष्ट पाहायची ती बांधणी. दांड्यांच्या पाठीच्या खुर्च्यांची दोन कुळे आहेत. एका कुळात मागचे दोन पाय सरळ वर जाऊन पाठीचे खांब होतात, त्या खांबांमध्ये आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि पट्ट्यांमध्ये आखूड कातीव दांड्यांच्या एक-दोन किंवा अधिक ओळी असतात. इंग्लंडच्या लँकशर आणि चेशर भागांतल्या लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या या कुळातल्या. दुसरे कुळ विंडसर खुर्च्यांचे. त्यांत सगळा डोलारा जाड लाकडी बैठकीवर उभा असतो, म्हणजे खालून पाय बैठकीत शिरतात, वरून दांड्या बैठकीत शिरतात, आणि पाय व पाठ यांचा एकमेकांशी थेट संबंधच नसतो. तुम्ही पाहिलेली खुर्ची कोणत्या कुळातली हे कळले की कोणते सांधे तपासायचे हेही कळते.

दुसरी गोष्ट लाकडाच्या आकसण्याची. वाळताना लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसते, आणि रुंदीतही सगळीकडे सारखे नाही: वाढीच्या कड्यांच्या दिशेने ते जितके आकसते त्याच्या साधारण निम्मेच गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. म्हणून ओल्या लाकडाचा गोल कातलेला पाय वाळल्यावर किंचित लंबगोल होतो. पायाचा सर्वांत फुगीर भाग कॅलिपरने दोन-तीन दिशांनी मोजा. चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाडी असेल तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज निघतो. हा फरक सापडला म्हणून खुर्ची जुनी ठरत नाही, कारण ओल्या लाकडाची नवी खुर्चीही वर्षभरात अशी होते. पण दोनशे वर्षांची म्हणून दाखवलेल्या खुर्चीचे चारही पाय सगळीकडे तंतोतंत गोल निघाले तर विक्रेत्याला आणखी प्रश्न विचारायला हवेत. पायाचे टोक जिथे बैठकीतून आरपार वर येऊन पाचरीने घट्ट केलेले असते, तिथे अंगठा फिरवून पाहा. बैठकीची जाडी वर्षानुवर्षे किंचित घटते, पायाची लांबी घटत नाही, म्हणून ते टोक पृष्ठभागाच्या केसभर वर आलेले अंगठ्याला जाणवते. डोळ्याला ते बहुधा दिसत नाही.

मग झीज पाहा. झीज माणसाच्या शरीराशी जुळली पाहिजे. हातांची पुढची टोके तळव्याने गुळगुळीत झालेली असतात, पुढच्या आडव्या दांडीचा वरचा भाग टाचा टेकून चपटा झालेला असतो, पाठीचा माथा खुर्ची ओढताना जिथे धरतात तिथे चकाकतो, आणि पायांचे तळ घासून थोडे तिरपे होतात. जिथे हात किंवा पाय कधी पोहोचणारच नाहीत, उदाहरणार्थ मागच्या दोन पायांमधल्या आडव्या दांडीच्या आतल्या बाजूला, तिथेही तशीच झीज दिसली तर ती कानशीने केलेली आहे. चारही पायांचे तळ एकसारखे ताजे घासलेले असले तर तेही संशयास्पदच.

बैठकीची खालची बाजू जुन्या कारागिरांनी फारशी गुळगुळीत केली नाही, कारण ती कोणी पाहणार नव्हते. तिथे रंध्याच्या उथळ लाटा हाताला लागाव्यात, लाकूड कोरडे आणि धुळकट दिसावे. करवतीच्या रेषा समांतर वळणाच्या, कमानीसारख्या असतील तर ती गोल पात्याच्या यांत्रिक करवतीची खूण आहे, आणि अशी करवत एकोणिसाव्या शतकात हळूहळू रुळली. चौफुली खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकानंतरचा. मात्र एखादा स्क्रू नंतरच्या दुरुस्तीचाही असतो, एवढ्यावर निकाल देऊ नये. बैठकीच्या खालीही वरच्यासारखेच गडद पॉलिश एकसारखे फासलेले असेल तर मी तिथेच थांबतो. काहीतरी झाकायचे असल्याशिवाय कोणी तिथे पॉलिश लावत नाही.

दोनशे वर्षांच्या दाव्याबद्दलही बोलायला हवे. इंग्लंडमधले हाय विकम हे गाव एकोणिसाव्या शतकात विंडसर खुर्च्यांचे मोठे केंद्र झाले. आसपासच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात कातारी ओल्या लाकडाचे पाय आणि दांड्या कातून देत, गावातल्या कारखान्यांत एल्मच्या लाकडाच्या बैठकी कोरून खुर्च्या जोडल्या जात, आणि १८७० च्या दशकात तिथे दिवसाला चार हजारांहून अधिक खुर्च्या तयार होत. म्हणजे आज मिळणारी साधी विंडसर खुर्ची व्हिक्टोरिया राणीच्या उत्तर काळातली, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, किंवा त्यानंतरची असण्याची शक्यता सर्वांत मोठी. त्यात कमीपणा काही नाही, फक्त तिला त्याच वयाची किंमत द्यावी. बैठकीच्या मागच्या कडेवर ठोकलेला कारागिराचा शिक्का मिळाला तर उत्तम. नॉटिंगहॅमशरमधल्या वर्कसॉप आणि रॉकली इथल्या काही कारागिरांनी असे शिक्के मारले आहेत.

तज्ज्ञही फसतात, म्हणून फसण्याची लाज बाळगू नका. अमेरिकेत सतराव्या शतकात ब्रूस्टर नावाने ओळखल्या जाणाऱ्या खुर्च्या बनत, ज्यांत पाठीबरोबरच हातांखाली आणि बैठकीखालीही कातीव दांड्यांच्या ओळी असत. अशी एक खुर्ची मिशिगनमधल्या हेन्री फोर्ड संग्रहालयाने १९७० साली नऊ हजार डॉलरना घेतली. ती र्‍होड आयलंडचे शिल्पकार आर्मंड लामाँटेन यांनी १९६९ मध्ये मुद्दाम तज्ज्ञांची परीक्षा घेण्यासाठी बनवली होती, हे १९७७ मध्ये उघड झाले. त्यांनी भोके आधुनिक ड्रिलने पाडली होती. जुन्या चमच्यासारख्या गिरमिटाने पाडलेल्या भोकाचा तळ गोलसर राहतो, आधुनिक ड्रिलचा तसा राहत नाही, आणि क्ष-किरणांनी सांध्याच्या आतले ते रूप दाखवून दिले. बाहेरून झीज, रंग, तडे, सगळे हुबेहूब होते. घरच्या खरेदीसाठी कोणी क्ष-किरण काढत नाही, पण निखळलेली एखादी दांडी बाहेर येत असेल तर भोकात बारीक टॉर्च धरून तळ अवश्य पाहावा.

प्रश्न : एका खुर्चीच्या पाठीतली एक दांडी नंतर बसवलेली दिसते. अशी खुर्ची सोडून द्यावी का?

उत्तर : नाही. शंभर वर्षे वापरलेल्या खुर्चीची एखादी दांडी बदललेली असणे स्वाभाविक आहे, आणि विक्रेत्याने स्वतःहून ती दाखवली असेल तर त्याच्यावरचा माझा विश्वास वाढतोच. हात मात्र नीट पाहा. हात असलेल्या खुर्चीला जास्त किंमत येते म्हणून बिनहातांच्या खुर्चीला नंतर हात जोडण्याचा प्रकार चालतो. मुळातच हातांसाठी घडवलेल्या खुर्चीची बैठक त्याच घडणीच्या बिनहातांच्या खुर्चीपेक्षा बरीच रुंद असते. बैठक अरुंद असून हात असतील आणि त्यात बसल्यावर कोपरे अंगाशी चिकटत असतील, तर हातांखालच्या दांड्या बैठकीत शिरतात तिथले लाकूड ताजे आहे का ते तपासा.

प्रश्न : आम्हाला मिळालेल्या खुर्चीवर हिरव्या रंगाचा जुना, पोपडे धरलेला थर आहे. तो खरवडून आतले लाकूड उघडे करावे असे घरात सगळ्यांना वाटते.

उत्तर : कृपया थांबा. तुमची खुर्ची अमेरिकी विंडसर असेल तर लक्षात घ्या, त्या खुर्च्या रंगवण्यासाठीच बनवल्या जात. फिलाडेल्फियात अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्या बनू लागल्या आणि त्यांचा ठरलेला रंग हिरवा होता. याला कारण होते: बैठक पाईन किंवा ट्यूलिप पॉप्लरसारख्या मऊ लाकडाची, कारण ती कोरायला सोपी, पाय मेपलचे, कारण त्यावर कातकाम सुबक उठते, आणि दांड्या हिकरीच्या, कारण त्या बारीक असूनही लवचीक राहतात. तीन वेगळी लाकडे रंगाच्या एका आवरणाखाली एकरूप व्हावीत ही कारागिराची योजना होती. रंग काढला की ती योजनाही जाते, खुर्चीचे मोलही मोठ्या प्रमाणात घटते, आणि एकदा काढलेला मूळ थर परत आणता येत नाही.

दुसरे कारण आरोग्याचे आहे आणि ते पहिल्याहून महत्त्वाचे आहे. त्या काळच्या रंगात शिसे असण्याची शक्यता फार मोठी. कोरड्या रंगावर पॉलिश पेपर घासला तर ती भुकटी घरभर पसरते आणि लहान मुलांच्या शरीरात शिसे गेल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. घरात लहान मुले असतील तर पोपडे निघणारी खुर्ची त्यांच्या हाती लागेल अशी ठेवू नका, आणि सुटे पोपडे स्थिर करून घेण्याचे काम जुने फर्निचर जपण्याचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करवा.

प्रश्न : खुर्ची डुगडुगते. सुताराने सांध्यांत बारीक खिळे ठोकून वर पांढरा डिंक ओतण्याचा उपाय सुचवला आहे. करू का?

उत्तर : दोन्ही करू नका. माझ्या स्वतःच्या एका खुर्चीत हाताखालच्या दांडीला पूर्वी कोणीतरी असाच खिळा ठोकला होता. दांडीचे टोक जेमतेम बोटाएवढे जाड. खिळ्याने ते उभे चिरले, खिळा गंजला, आणि सांधा उघडायची वेळ आली तेव्हा निम्मे टोक बैठकीतच राहिले. खिळा नसता तर ते काम अर्ध्या तासाचे होते.

सांधा ढिला का होतो हे समजून घेतले तर उपायही समजतो. दमट दिवसांत दांडीचे टोक फुगते, पण भोकात जागा नसल्याने त्याचे तंतू दबतात; हवा कोरडी झाली की ते आधीपेक्षा बारीक होते. हे वर्षानुवर्षे चालते, त्यातच कोणीतरी मागे रेलून खुर्ची दोन पायांवर तोलते, आणि जुना सरस तुटतो. जुन्या खुर्च्या जनावरांच्या चामड्या-हाडांच्या सरसाने जोडलेल्या असत. तो कोमट पाण्याने आणि उबेने पुन्हा मऊ होतो, म्हणून सांधा न मोडता उघडता येतो, साफ करता येतो आणि ताज्या गरम सरसाने पुन्हा बसवता येतो. टोक बारीक झाले असेल तर त्याला त्याच लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने गुंडाळतात. पांढरा डिंक जुन्या सरसावर नीट धरत नाही, आणि नंतर योग्य दुरुस्ती करायची म्हटली तर आधी तो काढण्यातच सगळा वेळ जातो.

खरेदीच्या वेळी बैठकीवर एक गुडघा टेकून, पाठीचा माथा दोन्ही हातांनी धरून हलकेच मागेपुढे करा आणि नेमके काय हलते ते पाहा. सगळे सांधे थोडे थोडे हलत असतील तर घाबरू नका, ते दुरुस्त होते. पण दांड्यांची भोके जोडत जाणारा तडा पाठीच्या माथ्यात किंवा बैठकीच्या मागच्या कडेला असेल, किंवा वाफेवर वाकवलेली पाठीची कमान वळणावर मोडून लोखंडी पट्टीने सांधली असेल, तर किंमत कितीही आकर्षक असली तरी ती खुर्ची रोजच्या बसण्यासाठी घेऊ नये.

प्रश्न : पायांवर टाचणीच्या डोक्याएवढी भोके आहेत. कीड घरातल्या इतर लाकडाला लागेल का?

उत्तर : कीड जिवंत असेल तर लागू शकते. युरोपातल्या जुन्या फर्निचरमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या भुंगेऱ्याची भोके गोल, दीड-दोन मिलिमीटरची असतात आणि ती बाहेर पडण्याची भोके असतात, म्हणजे भुंगेरा निघून गेल्याची खूण. भोकाची कड काळपट, आत धूळ बसलेली, तर ते जुने. कड स्वच्छ, आतले लाकूड फिकट आणि खाली पिठासारखा भुसा, तर ते ताजे. खुर्ची काळ्या कागदावर ठेवून पायांवर हलके ठोका. अळी लाकडात तीन-चार वर्षेही राहू शकते, त्यामुळे एक महिना भुसा पडला नाही म्हणून निश्चिंत होऊ नका; पहिले वर्षभर ती इतर लाकडी सामानापासून दूर ठेवा. शंका असेल तर खुर्ची प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे तीस अंश सेल्सिअस तापमानात तीन दिवस गोठवण्याची पद्धत संग्रहालयेही वापरतात.

भोकांऐवजी पृष्ठभागावर लांबट उघड्या खाचा दिसल्या, तर मात्र वेगळा विचार करा. कीड आत बोगदे करते, पृष्ठभागावर उघड्या नाल्या करत नाही. अशा नाल्या दिसणे म्हणजे आधीच किडलेले जुने लाकूड नंतर कापून हा भाग घडवला आहे.

प्रश्न : जेवणाच्या टेबलाशी या खुर्च्या चालतील का?

उत्तर : मोजून घ्या. बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटर असावी. जुन्या खुर्च्यांचे पाय झिजून किंवा कुजलेले तळ कापून ती कित्येकदा ४० च्याही खाली गेलेली असते आणि मग टेबल छातीशी येते. हातांची उंची टेबलाच्या खालच्या पट्टीपेक्षा कमी असेल तरच खुर्ची आत सरकते. शेवटी तिच्यात निदान पंधरा मिनिटे बसा. दांड्या पाठीला कुठे रुततात हे पहिल्या मिनिटात कळत नाही.