कोण कशाने जाईल, याचं गणित

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शहरातला एकेक माणूस कशाने प्रवास करेल, हे कॉम्प्युटरवर मांडायला शिकायचं म्हणते. यात नोकरी असते का? की एमपीएससीला बसवू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

ताई, नमस्कार.

नोकरी असते. मेट्रोचा प्रकल्प असो वा शहराचा वाहतूक आराखडा, प्रवासी किती मिळतील हे आधी काढावंच लागतं. सॅन फ्रान्सिस्कोत १९७० च्या दशकात बार्ट रेल्वे यायची होती. कामावर जाणारे १५ टक्के लोक ती वापरतील, असा सरकारी अंदाज होता. डॅनियल मॅकफॅडन यांनी माणसं पर्याय कसा निवडतात यावरून ६.३ टक्के सांगितले; प्रत्यक्षात ६.२ निघाले. निवडीच्या या सिद्धांतासाठी त्यांना २००० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. पाथर्डी फाट्यावरचा कामगार सातपूर एमआयडीसीत सेकंड शिफ्टला जातो. दुपारी सिटीलिंकची बस आहे, पण रात्री सुटल्यावर मिळेलच असं नाही. म्हणून तो दुपारीही मोटारसायकलच काढतो. माणसांच्या नुसत्या फेऱ्या मोजणाऱ्या जुन्या पद्धतीत हे कारण दिसतच नाही. तुमची मुलगी म्हणते त्या पद्धतीत त्याचा अख्खा दिवस मांडतात. रात्रीची बस वाढवली तर तो गाडी घरी ठेवेल का? फाट्यावर खोली घेणारे वाढतील का, भाडं चढेल का? आणि नवे भाडेकरू पुन्हा कशाने जातील? मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो.

मात्र कोडिंग आवडतं एवढ्यावर निर्णय नको. सुरुवातीची वर्षं द्वारका चौकासारख्या ठिकाणी उन्हात सर्व्हे करून घेण्यातही जातात. या सुट्टीत तिला ओळखीच्या वीसेक घरांत पाठवा. काल कुठे गेलात, कशाने, किती वेळ, किती पैसे, हे वहीत लिहू दे. आणि दुसरा पर्याय का नाही घेतला, हे तिने प्रत्येकाला विचारायलाच हवं. त्यात रमली तर एकेका माणसाचा दिवस असा मांडणारं मॅटसिम हे मोफत सॉफ्टवेअर आणि संख्याशास्त्र हाती घ्यावं.

पुढे आयआयटी मुंबईत वाहतूक अभियांत्रिकीचं एमटेक आहे, दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंगमध्ये वाहतूक नियोजन. एमटेकसाठी गेट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. गेट आणि एमपीएससी एकाच वर्षी लादू नका, दोन्हीकडे ओढाताण होईल.

वही भरली की मला कळवा.