डोस बरोबर, तरी फ्लॉक फिल्टरवर का येतात?

प्रश्न : आमच्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीचा डोस जार टेस्टवरूनच (जारमधल्या पाण्यात वेगवेगळे डोस घालून, ढवळून पाहण्याची चाचणी) ठरतो. जारमधलं पाणी छान निवळतं. प्रत्यक्षात मात्र निवळण टाकीतून बारीक फ्लॉक (तुरटीमुळे गाळाचे कण चिकटून झालेले पुंजके) फिल्टरवर येतात. ढवळण्याचा वेग वाढवावा का?

उत्तर : फ्लॉक्युलेटरचा (हळू ढवळून फ्लॉक जुळवणाऱ्या टाकीचा) वेग तरी कारण कळेपर्यंत वाढवू नका, आणि डोसलाही हात लावू नका.

तुरटीची पाण्याशी क्रिया काही सेकंदांतच उरकते. तेवढ्यात ती सर्वत्र पसरली नाही, तर काही पाण्याला जादा डोस मिळतो आणि काही पाणी तुरटीविनाच पुढे जातं. म्हणून फ्लॅश मिक्सरमध्ये (तुरटी पाण्यात मिसळण्याच्या पहिल्या टाकीत) ढवळणं जोरदार हवं : जी व्हॅल्यू (ढवळण्याचा जोर सांगणारा आकडा) साधारण ६०० ते १००० प्रति सेकंद, वेळ ३० ते ६० सेकंद. तुरटीचं द्रावण पंख्याजवळच्या खळबळत्या पाण्यात सोडा. कडेच्या संथ पाण्यात पडत असेल, तर मोटर कितीही मोठी असून उपयोग नाही.

फ्लॉक्युलेटरचं काम वेगळं. तिथे कण एकमेकांवर आदळून चिकटायला हवेत, पण जुळलेले तुटायला नकोत. जी २० ते ७०, वेळ २० ते ३० मिनिटं. कप्पे असतील तर जोर पुढे पुढे कमी करत न्यायचा. तुरटीचा फ्लॉक एकदा फाटला की सहसा पूर्वीएवढा मोठा होत नाही. उलट फारच संथ ढवळलं तर फ्लॉक तिथेच तळाशी बसतात.

दोष शोधायला दोन चाचण्या पुरतात. फ्लॅश मिक्सरनंतरचं पाणी लगेच जारमध्ये घेऊन २० मिनिटं हळू ढवळा आणि ३० मिनिटं निवळू द्या. गढूळच राहिलं, तर चूक फ्लॅश मिक्सिंगमध्ये किंवा प्रत्यक्ष पडणाऱ्या डोसमध्ये (डोसिंग पंप मोजून पाहा, तो बऱ्याचदा फसवतो). स्वच्छ निवळलं, तर दुसरी चाचणी : फ्लॉक्युलेटरच्या शेवटचं आणि निवळण टाकीच्या तोंडाशी आलेलं पाणी शेजारी शेजारी ३० मिनिटं ठेवा. नमुना रुंद तोंडाच्या भांड्याने अलगद घ्या. नळातून घेतलात तर फ्लॉक तिथेच फुटतील. दुसरं जास्त गढूळ दिसलं, तर मधला अरुंद पाइप किंवा उंचावरून पडणारी धार फ्लॉक फोडते आहे. दोन्ही सारखीच गढूळ असतील, तर फ्लॉक्युलेटरचा वेग तपासा. दोन्ही स्वच्छ असतील, तर निवळण टाकीवरचा प्रवाह आणि साचलेला गाळ पाहा.

वेग बदलताना बेताने : तो २० टक्के कमी केला, तर जी सुमारे २८ टक्क्यांनी उतरते.